कुरिअरचा छोटा धंदा आणि विमा: कोणती पॉलिसी आधी, कोणती नंतर

कुरिअरचा काउंटर चालवणाऱ्या माणसाशी विम्याचा विषय काढला की तो पार्सलबद्दल बोलायला लागतो. पार्सल हरवलं तर, फुटलं तर, भिजलं तर. हे साहजिक आहे, कारण ग्राहकाची भांडणं त्यावरूनच होतात. पण पार्सलचं नुकसान बहुतेक वेळा काही हजारांत असतं, ते सोसता येतं. धंदा कायमचा बंद पाडणारा खर्च येतो रस्त्यावरून. डिलिव्हरीच्या मुलाचा अपघात होतो, किंवा त्याच्या गाडीखाली दुसरं कुणी सापडतं. तिथे रक्कम लाखांत जाते. म्हणून विमा घेताना क्रम महत्त्वाचा: आधी रस्ता आणि माणसं, मग पार्सल, मग रोकड आणि शेवटी गाळा. हातात पैसे कमी असतील तर याच क्रमाने एकेक पॉलिसी घ्यावी, आणि वरची अपुरी ठेवून खालची घेऊ नये.

पुढचं सगळं एका उदाहरणावर बोलू. समजा, सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला भाड्याच्या गाळ्यात कुरिअर आहे. एक छोटा हत्ती, म्हणजे छोटी मालवाहू गाडी, मालकाच्या नावावर. चार मुलं स्वतःच्या मोटरसायकलींवर डिलिव्हरी करतात. कागदपत्रं, औषधं, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू, तासगावच्या बेदाण्याचे आणि हळदीचे सॅम्पल, दिवाळीत पुण्या-मुंबईला जाणारे फराळाचे डबे. एका मोठ्या कुरिअर कंपनीची फ्रँचायझी आणि थोडं स्वतःचं बुकिंग. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे रोज संध्याकाळी काउंटरवर जमा होतात.

पहिली पायरी: एजंटला फोन करण्याआधी एक कागद भरा

एजंट येतो तो तयार पॅकेज घेऊन. तुमच्याकडे आकडे नसतील तर त्याच्या आकड्यांवर सही करावी लागते. म्हणून आधी बसून एवढं लिहून काढा:

– पार्सल हातात आल्यापासून पोहोचेपर्यंत कुठे कुठे थांबतं आणि त्या वेळी कुणाच्या ताब्यात असतं.
– एका फेरीत एका गाडीत जास्तीत जास्त किती किमतीचा माल असतो. सरासरी नको, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला आकडा घ्या.
– एका मुलाच्या खिशात जास्तीत जास्त किती रोख असते, आणि रात्री काउंटरवर किती राहते.
– रात्री गाळ्यात किती किमतीचा माल पडून असतो.
– कोण कोण काम करतं, त्याचं वय, पगार, लायसन्स आणि गाडी कुणाच्या नावावर.

या कागदासोबत फ्रँचायझीचा करार बाहेर काढा आणि नुकसानभरपाईचं कलम नीट वाचा. पार्सल गहाळ झालं की कंपनी तुमच्या बिलातून किती कापते, ते त्यात असतं. अशा कापलेल्या रकमेच्या कागदाला डेबिट नोट म्हणतात; तिचा मुद्दा चौथ्या पायरीत येतो.

दुसरी पायरी: गाड्या

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा) सक्तीचा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १६,०४९ रुपये आणि तीनचाकी मालवाहू गाडीचा ४,४९२ रुपये ठरला होता. बॅटरीवर चालणाऱ्या ई-कार्टचा दर वेगळा. हा हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे सगळ्या कंपन्यांकडे सारखाच असतो. ‘थर्ड पार्टीत सूट देतो’ असं कुणी म्हणालं तर दोन वेळा विचारा.

फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला लोक फर्स्ट पार्टी म्हणतात. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत बंपर, मडगार्ड, दिवे, टायर आणि रंगकाम यांचं नुकसान सहसा धरलं जात नाही. ते हवं असेल तर ‘आयएमटी २३’ हे कलम जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. गल्लीबोळात फिरणाऱ्या छोट्या हत्तीचं नेमकं हेच सगळं आधी मोडतं. बंपर गेला, हेडलाइट फुटला, आणि गॅरेजमध्ये कळतं की क्लेम बसतच नाही. कोटेशन हातात आलं की पहिल्यांदा ‘आयएमटी २३’ शोधा.

तिथेच आणखी दोन गोष्टी पाहा. ड्रायव्हर आणि माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाची कायदेशीर जबाबदारी जोडली आहे का? ती अगदी थोड्या हप्त्यात मिळते. आणि गाडी तुमच्या वैयक्तिक नावावर असेल तर मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का? २०१८ पासून तो तेवढ्या रकमेचा बंधनकारक आहे. गाडी कंपनीच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावावर असेल तर हा विमा मिळत नाही. तेव्हा चालकासाठी वेगळी सोय करावी लागते.

आता मुलांच्या मोटरसायकली. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात धोकादायक जागा हीच. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो. त्यात भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. नमुने आणि स्वतःचं सामान एवढीच सूट. म्हणजे मुलगा पाठीवर बॅग लावून तुमची पार्सलं पोहोचवत असताना कुणाला धडकला, तर विमा कंपनी पॉलिसीच्या अटीवर बोट ठेवू शकते. जखमीला आधी पैसे देऊन नंतर ते गाडीच्या मालकाकडून वसूल करा, असा आदेशही कोर्ट देऊ शकतं. गाडी मुलाची, काम तुमचं, त्यामुळे दाव्यात तुमचंही नाव येतं. त्या मुलाकडून वसूल होण्यासारखं काही नसतं. मग पुढे काय होतं, ते सांगायला नको.

यावर उपाय एकच: आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), प्रत्यक्ष वापर आणि पॉलिसी या तिन्हींवर एकच गोष्ट लिहिलेली असली पाहिजे. विमा कंपनीला लेखी विचारा, ‘ही गाडी डिलिव्हरीसाठी वापरली जाते, या पॉलिसीत ते चालतं का?’ उत्तर ईमेलवर घ्या. ‘काही होत नाही, सगळे असंच चालवतात’ हे एजंटचं तोंडी उत्तर कोर्टात उपयोगाचं नाही. शक्य असेल तर दोन गाड्या दुकानाच्या नावावर व्यावसायिक म्हणून घ्या आणि लांबच्या, जास्त फेऱ्यांच्या बीटवर (ठरलेल्या भागावर) त्याच वापरा.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या इलेक्ट्रिक स्कूटरला नोंदणी आणि विमा लागत नाही. म्हणून त्या स्वस्त पडतात. पण अशा स्कूटरने एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाडलं तर थर्ड पार्टी विमा नावाची गोष्टच नसते. भरपाई थेट तुमच्यावर येते. अशा गाड्या वापरत असाल तर पब्लिक लायबिलिटीचं, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या नुकसानीच्या जबाबदारीचं, संरक्षण वेगळं मागा.

लायसन्सबद्दल बरेच गैरसमज आहेत. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण मुदत संपलेलं लायसन्स किंवा गाडीचं संपलेलं फिटनेस प्रमाणपत्र यांवर क्लेम अडकतो तो अडकतोच. या तारखा काउंटरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: माणसं

कामावर असताना कर्मचाऱ्याला अपघात झाला तर भरपाई देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, चूक कुणाचीही असो. आधी हे १९२३ च्या कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत आलं. हिशेबाची पद्धत तीच आहे: मृत्यू झाल्यास पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक; कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पगाराचा साठ टक्के भाग गुणिले तोच गुणक. २०२० पासून हिशेबासाठी पगार महिन्याला जास्तीत जास्त १५,००० धरतात.

आता २५ वर्षांच्या मुलाचा हिशेब करा. त्या वयाचा गुणक २१६.९१. मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ९,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १९,५२,१९० रुपये. ही रक्कम महिन्याच्या आत भरली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. चार मुलांचं कुरिअर वर्षभरात किती कमावतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याशी ताडून पाहा.

यासाठीच्या पॉलिसीला एजंट लोक अजून ‘वर्कमेन’ म्हणतात. घेताना तीन गोष्टी बघा. पगार खरा दाखवा. हप्ता वाचवायला महिना ८,००० लिहिलेत आणि प्रत्यक्षात १५,००० देत असाल, तर क्लेमच्या वेळी फरक तुमच्या खिशातून जाणार. औषधोपचाराचा खर्च जोडला आहे का आणि त्याची मर्यादा किती, ते विचारा. आणि कामाचं वर्णन ‘ऑफिस स्टाफ’ असं लिहू देऊ नका. ‘दुचाकीवरून डिलिव्हरी’ असंच लिहा, हप्ता वाढला तरी. दंडाची रक्कम विम्यात येत नाही, व्याज यायचं तर तसं जोडून घ्यावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

मुलं ‘प्रति पार्सल’ पैशांवर असतील तर मालक म्हणतात, ‘ते आमचे कर्मचारी नाहीत.’ हे इतकं सरळ नसतं. वेळ तुम्ही ठरवता, बीट तुम्ही ठरवता, बॅग तुमची, जॅकेट तुमचं. मग कोर्टाला तो कर्मचारी वाटू शकतो. त्यांनाही पॉलिसीत नावानिशी घाला. कामगार दहा किंवा जास्त झाले की ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) विषय येतो: महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. ईएसआयसीत असलेल्या माणसाची अपघाताची भरपाई तिथून होते, त्यामुळे त्याला वर्कमेन पॉलिसीत पुन्हा धरायची गरज नाही.

ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी चांगली आहे, स्वस्त आहे, कामानंतरच्या अपघातालाही बहुधा चालते. मुलांसाठी ती जरूर घ्या. पण ती कायदेशीर जबाबदारीच्या जागी चालत नाही.

चौथी पायरी: पार्सल

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. गाडीचा विमा गाडीतल्या मालाला लागू नाही. छोटा हत्ती कृष्णेच्या पुराच्या पाण्यात अडकला तर गाडीचे पैसे मिळतील, आतल्या बेदाण्याच्या पेट्यांचे नाही.

मालासाठी दोन वेगळ्या जातीच्या पॉलिसी आहेत. एक मालाच्या मालकाची: इनलँड ट्रान्झिट. तिचे तीन प्रकार येतात. ‘सी’मध्ये फक्त आग आणि वीज. ‘बी’मध्ये त्याशिवाय गाडीची धडक, उलटणं, पूल कोसळणं. ‘ए’मध्ये चोरीसकट जवळजवळ सगळं, वगळलेल्या गोष्टी सोडून. दुसरी पॉलिसी वाहतूकदाराची: कॅरियर्स लीगल लायबिलिटी. ग्राहकाच्या मालाचं नुकसान झालं आणि कायद्याने तुम्ही जबाबदार ठरलात, तर ती तुमच्या वतीने पैसे देते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा, कारण दुसऱ्या पॉलिसीचं सगळं त्यावर उभं आहे. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ मध्ये वाहतूकदाराच्या व्याख्येत कुरिअर एजन्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्यात ग्राहकाला तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. माल हरवला किंवा खराब झाला एवढं पुरे. बदल्यात तुम्हाला एक संरक्षण आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे, ग्राहकाने जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. ८० रुपयांच्या बुकिंगला ८०० रुपये.

या संरक्षणाचा फायदा मिळायचा तर पावती नीट हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका निर्यातदाराच्या दाव्यात कुरिअर कंपनीची जबाबदारी पावतीवर छापलेल्या १०० डॉलरपुरतीच मानली, कारण ग्राहकाने त्या पावतीवर सही केली होती. आपल्याकडे काउंटरवर पावती फाडून हातात देतात, सही कुणी घेत नाही, आणि अटी पाठीमागे मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत असतात. ग्राहक आयोगापुढे अशा अटी टिकवणं कठीण जातं. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, ‘किंमत जाहीर केली: होय / नाही’ असा रकाना करा आणि खाली सही घ्या. ही सुधारणा जवळजवळ फुकट आहे आणि पॉलिसीइतकीच कामाची.

‘कॅरियर्स रिस्क’वर (जोखीम वाहतूकदाराची) बुकिंग करून एफओव्ही नावाने, म्हणजे मालाच्या किमतीवर, जादा पैसे घेत असाल तर जास्त काळजी घ्या. ते पैसे घेतलेत की दहापटीची मर्यादा गेली आणि पूर्ण किमतीची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतलीत. त्यामागे पॉलिसी नसेल तर तुम्ही स्वतःच विमा कंपनी होऊन बसता. पॉलिसी नसेल तोपर्यंत महाग माल ‘ओनर्स रिस्क’वर (जोखीम मालाच्या मालकाची) घ्या, किंवा घेऊच नका.

‘ग्राहकाने त्याच्या मालाचा विमा काढलाय, मग मला कशाला?’ असं बरेच जण विचारतात. ग्राहकाची विमा कंपनी त्याला पैसे देते, त्याच्याकडून सब्रोगेशनचं (वसुलीचा हक्क सोपवल्याचं) पत्र लिहून घेते आणि त्याच्या जागी उभी राहून तुमच्यावर वसुलीचा दावा लावते. भांडणारा ग्राहक एकवेळ तडजोडीला तयार होतो. विमा कंपनीचा वकील होत नाही. वाहतूकदाराला दाव्याआधी बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून पीओडीच्या (पार्सल पोहोचल्याच्या पावतीच्या) सह्या, गाडीचं लोडिंग शीट आणि सीसीटीव्हीची महत्त्वाची चित्रफीत एवढे दिवस तरी जपून ठेवा.

लायबिलिटी पॉलिसी घेताना वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. उशिरा पोहोचणं, चुकीच्या माणसाला देणं, कारण न सापडता पार्सल ‘कमी’ येणं, रोकड, दागिने, स्वतःच्या कर्मचाऱ्याने केलेली चोरी, हे बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. दुचाकीवरचा माल धरला आहे का, हे खास विचारा. काही पॉलिसी फक्त बंद मालवाहू गाडीपुरत्या असतात. आणि एका अपघाताला किती, वर्षाला किती, हे दोन आकडे पहिल्या पायरीतल्या दिवाळीच्या आकड्याशी जुळवा.

राहिली डेबिट नोट. लायबिलिटी पॉलिसी कायद्याने येणारी जबाबदारी भरते. तुम्ही करारात स्वतःहून जास्त स्वीकारलेली सहसा भरत नाही. कायद्याने ८०० रुपये आणि करारात मोबाइलची पूर्ण किंमत असेल, तर वरचा फरक तुमच्याकडे राहतो. फ्रँचायझी नूतनीकरणाच्या वेळी यावर मर्यादा मागा. मिळाली नाही तरी निदान विमा कंपनीला करार दाखवून हा फरक धरता येतो का, ते विचारा.

पाचवी पायरी: रोकड

कॅश ऑन डिलिव्हरीची रोकड दोन मार्गांनी जाते: बाहेरचा माणूस लुटतो, किंवा आतला घेऊन जातो. पहिल्याला मनी इन्शुरन्स, दुसऱ्याला फिडेलिटी गॅरंटी. मनी पॉलिसीत एका फेरीची मर्यादा आणि वर्षभराची अंदाजे उलाढाल द्यावी लागते. गाडीत एकटी सोडलेली रोकड धरत नाहीत, आणि रात्रीची रोकड कुलूपबंद तिजोरीत असेल तरच. टेबलाच्या खणातले पैसे यात बसत नाहीत. फिडेलिटीत तुम्ही फॉर्मवर ‘रोज संध्याकाळी हिशेब होतो’ असं लिहिलं असेल, तर तो खरंच झाला पाहिजे. नाही तर क्लेम तिथेच थांबतो. मुलं यूपीआयवर पैसे थेट खात्यात घेऊ लागली की ही जोखीम बरीच उतरते, म्हणून पैसे कमी असतील तर ही पायरी पुढच्या वर्षावर टाकायला हरकत नाही.

सहावी पायरी: गाळा

गाळ्यातल्या मालमत्तेची एकूण किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वादळ, पूर त्यात आहेत. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना पुराचं वेगळं सांगायला नको. पण विमा कंपनीला गाळा तळमजल्यावर आहे का आणि आधी पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे खरं सांगा. लपवलेली माहिती क्लेमच्या वेळी बाहेर येते.

इथे मुख्य मुद्दा असा: गाळ्यातला माल तुमचा नसतो. म्हणून पॉलिसीत ‘विश्वासाने ठेवलेला, ज्यासाठी विमेदार जबाबदार आहे असा माल’ असं स्पष्ट लिहून घ्या. फक्त फर्निचर आणि संगणकाचा विमा काढून लोक निवांत बसतात. चोरीसाठी बर्ग्लरी वेगळी लागते, आणि तिला कुलूप तोडल्याच्या, शटर वाकवल्याच्या खुणा लागतात.

सातवी पायरी: कोटेशन आणि फॉर्म

किमान तीन कोटेशन मागवा, आणि तिघांनाही तोच कागद द्या, म्हणजे तुलना होते. एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर ग्राहकाच्या बाजूचा. लायबिलिटी पॉलिसीसाठी मी ब्रोकरकडे जाण्याचा सल्ला देईन. हप्त्याआधी एक्सेस बघा, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः किती सोसणार. २५,००० एक्सेसची पॉलिसी ५,००० च्या पार्सलला काहीच कामाची नाही, पण गाडी पेटली तर ती हवीच. मोठ्या धक्क्यासाठी ती पुरे.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा किंवा भरून झाल्यावर वाचा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. चेक परत गेला तर पॉलिसी नसल्यातच जमा.

आठवी पायरी: नुकसान झालं तर

जागेवरून गाडी हलवण्याआधी फोटो काढा. अपघातात, चोरीत पोलिसांत तक्रार द्या, पंचनाम्याची प्रत मागा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या. नुकसान मोजणारा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली खोकी फेकू नका. आणि ग्राहकाला ‘आम्ही पूर्ण भरून देतो’ असं लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली तर लायबिलिटी पॉलिसी मोडू शकते. सहानुभूतीने बोला, रकमेबद्दल काही कबूल करू नका.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. एकट्या मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जासोबत पहिल्या पायरीतला तो कागद, एजंटशी झालेले ईमेल आणि सहीच्या पावत्या जोडा.